पिंजऱ्यातील कोंबडी आणि सम्यक आजीविका

गेल्या पौर्णिमेस विहारात वंदना आटोपल्यावर एका तरुण उपासकाने प्रश्न विचारला. मुलगा पदवीधर आहे, नोकरी नाही. अंड्यांच्या पोल्ट्रीसाठी कर्ज मिळण्याचा योग आला आहे. तो म्हणाला, "तलंगा आणायच्या, पिंजऱ्यात ठेवायच्या, अंडी विकायची. मी कुणाला मारीत नाही. मग ही सम्यक आजीविका होते की नाही?" काहीजण हसले. एक वृद्ध उपासक म्हणाले, "बाबा रे, माणसांना राहायला जागा नाही, तू कोंबड्यांचे काय घेऊन बसलास?"

आम्हास तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. जिच्यापासून आजची कोंबडी निपजली ती रानकोंबडी वर्षाला 10-15 अंडी घालते. आजची लेयर कोंबडी 300 च्या वर घालते. 18-20 आठवड्यांची झाली की अंडी सुरू होतात, 25-30 आठवड्यांच्या सुमारास उत्पादन शिखरास पोचते आणि 72 ते 80 आठवड्यांनंतर ती मालकास परवडेनाशी होते. प्रत्येक कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. कवच बरेचसे रात्री घडते. तेव्हा पोटातले खाद्य पुरत नाही, म्हणून शरीर ते हाडांतून काढते. त्यात पिंजऱ्यात चालणे नाही, पंख पसरणे नाही. शेवटी बाहेर ओढताना पुष्कळ कोंबड्यांची हाडे मोडतात. अंडे घालण्यापूर्वी कोंबडी आडोसा शोधते, काडीकचरा उकरते. पिंजऱ्यात तारेखेरीज काही नसते, म्हणून ती नुसती येरझारा घालते, आणि हे जवळजवळ रोज.

ताण पडला की अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात येते. शास्त्रज्ञांनी ते मोजले आहे. परंतु येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. अंडे घालण्याच्या वेळी हे संप्रेरक निरोगी कोंबडीतही वाढते, आणि पिंजऱ्यातील व मोकळ्या कोंबड्यांची तुलना करता दर वेळी फरक दिसतोच असे नाही. याचाच आधार घेऊन पिंजऱ्याचे समर्थक विचारतात, कोंबडी अंडी देते आहे, मग दुःख कसले?

हा युक्तिवाद आमच्या ओळखीचा आहे. आमचे आजे-पणजे गावकीची कामे बिनबोभाट करीत होते, म्हणून ते समाधानी होते असे गावाने पिढ्यान् पिढ्या मानले. वतन गेले ते 1958 च्या कायद्याने. माणसाची तुलना आम्ही कोंबडीशी करीत नाही. तुलना आहे ती युक्तिवादाची. काम होते आहे यावरून काम करणाऱ्याचे दुःख नाही असे ठरत नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास घेतलेल्या प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयीच्या दयेची प्रतिज्ञा आहे. तरी बाबासाहेबांनी अहिंसेचा अतिरेक सांगितला नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला. तेव्हा विचारावयाचे ते हे, की पिंजरा ही गरज आहे काय?

अंडे ही गरज आहे, याबद्दल आमच्या मनात संशय नाही. महाराष्ट्रात 2023 साली शाळेच्या पोषण आहारात आठवड्यास एक अंडे देण्याचे ठरले. 2025 च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी थांबविला. शाळेतल्या अंड्याला जे विरोध करतात त्यांचे लक्ष कोंबडीकडे नसते, विटाळाकडे असते. त्यांच्या शाकाहाराशी आमचे देणेघेणे नाही. पण अंडे स्वस्त होते ते पिंजऱ्यामुळे, हेही डोळ्यांआड करता येणार नाही. युरोपीय संघाने 2012 पासून साधे पिंजरे बंद केले. अंडी तेथे आजही खाल्ली जातात, परंतु ते श्रीमंत देश आहेत. आपल्याकडे 2023 च्या नियमांनी एका कोंबडीस 550 चौरस सेंटिमीटर जागा ठरविली. अर्ज लिहिण्याचा ए-फोर कागद याहून मोठा असतो.

आता "मी कुणाला मारीत नाही" हे वाक्य. लेयर जातीची नर पिले अंडी देत नाहीत, अंगानेही भरत नाहीत. उबवणीच्या ठिकाणी ती पहिल्याच दिवशी मारली जातात. तलंग विकत घेणाऱ्याने त्यांचीही किंमत मोजलेली असते. आणि थकलेली कोंबडी शेवटी खाटकाकडेच जाते. प्राण्यांचा व्यापार भगवंतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत आहे. बेकार तरुणास हे ऐकविणे सोपे नाही, पण लपविणे अधिक वाईट.

आम्ही त्यास धंदा करू नकोस असे सांगितले नाही. पिंजरा सोडून गादी पद्धतीने, भुश्शावर, अंडी घालण्यास खोकी ठेवून थोड्या कोंबड्या पाळता येतील, असे सुचविले. तो लगेच म्हणाला, "गुरुजी, कर्जाचा प्रस्ताव पिंजऱ्यांचाच आहे. कोंबड्या कमी केल्या तर हप्ता निघेल का?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. येत्या पौर्णिमेस तो खाद्याचे व जागेचे आकडे वहीत मांडून आणणार आहे. ते वृद्ध उपासकही बसतो म्हणाले.