दावणीचं झाड

आमच्या वडूजच्या माणसानं कांदळाच्या झाडावर लिहावं म्हणजे जरा हसू येण्यासारखंच आहे. आमची येरळा उन्हाळ्यात कोरडी ठाक आणि कांदळ तर खाडीच्या चिखलातलं. पण माझा पुतण्या ऐरोलीला असतो आणि त्यानं घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीत हे झाड लावलंय.

कांदळाचं बी झाडावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेगत लांब हिरवा कोंब फांदीला लोंबतो. तयार झाला की गळतो आणि चिखलात रुततो, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जातो. टाकीत तो उभा अडकवायचा, बूड पाण्यात आणि शेंडा बाहेर. पुढं शेंडे खुडत राहिलं की झाड बुटकं राहतं. खाडीत दोन-तीन पुरुष उंच जाणारं झाड पुतण्याकडं हातभरच आहे.

वाढणाऱ्याला वाढू न देणं हे पाप नव्हे का, असं लोक विचारतात. आम्हा शेतकऱ्यांना ते कोणत्या तोंडानं म्हणता येईल? आम्ही डाळिंब छाटतो, द्राक्षाला वर्षातून दोनदा कात्री लावतो, बैलाला वेसण घालतो. आमचं पोटासाठी आणि त्याचं हौसेसाठी, एवढाच फरक. झाडाला कात्री सारखीच लागते.

मला अडतं ते पाण्यापाशी. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. वरचेवर गोडं पाणी घातलं नाही तर खारटपणा वाढत जातो. खाडीत हे भरती-ओहोटी बघते. टाकीत आणलं की समुद्राचं काम माणसाच्या गळ्यात पडतं.

१९७२ च्या दुष्काळात मी पोरसवदा होतो. वडील म्हणायचे, "रानातल्या हरणाचं पाणी देव बघंल, दावणीच्याचं आपुन बघायचं." सुटं जनावर पाणी हुडकत कोसभर जाईल. बांधलेलं खुंट्याभोवतीच फिरतं. तरी ते हंबरतं, मालकाला झोपू देत नाही. झाड हंबरत नाही, म्हणून त्याचं देणं मला जास्त वाटतं.

पुतण्या जत्रेला गावी येतो तेव्हा घराची किल्ली शेजाऱ्याकडं देऊन येतो, झाडाच्या पाण्यासाठी. चार दिवसांचं ठीक आहे. पण झाड धन्याच्या मागंही जगू शकतं. तवा हौस जरूर करावी, फक्त पहिला शेंडा खुडायच्या आधी घरात विचारून ठेवावं, की बाबांनो, माझ्यामागं याला पाणी कोण घालणार?