घाट चढण्याआधी : गीता ५.२३



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या, म्हणजे कर्मसंन्यासयोगातल्या, २३ व्या श्लोकावर. भावार्थ साध्या मराठीत असा : शरीर सुटण्याआधी, इथेच, याच आयुष्यात, काम आणि क्रोध यांच्यातून उठणारा वेग जो सोसू शकतो, तो माणूस युक्त आणि तोच सुखी.

यातले तीन शब्द आज धरू : वेग, सोसणं आणि युक्त. आपल्याकडे वेग म्हटलं की स्पीड. इथे तो अर्थ नाही. इथे वेग म्हणजे आतून येणारी उसळी, लोंढा. सोसणं म्हणजे काय, ते पुढे पाहू. आणि युक्त म्हणजे जोडलेला. 'युज्' म्हणजे जोडणं, त्याच धातूपासून 'योग' आला. भगवंत इथे क्रोध कधी येतच नाही अशा माणसाबद्दल बोलत नाहीत. उसळी येणार हे धरूनच चाललेत. प्रश्न एवढाच, की ती येते तेव्हा तुमचा जोड टिकतो का?

हा श्लोक मला नीट कळला तो खोपोलीच्या शिळफाट्यावर. (कल्याण-ठाण्याकडचा नव्हे. त्या दिवशी आम्ही दोन्ही शिळफाटे ओलांडणार होतो, डोंबिवलीहून निघून.) माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, इंदापूरला निघाला होता. धाकट्या भावाकडे. वडील गेल्यानंतर जमिनीच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद झालेलं. आत्याच्या आग्रहाखातर दादा भेटायला तयार झाला आणि सोबतीला मी. पनवेलपर्यंत तो एकच बोलत होता : "तो असं म्हणाला, तर मी असं म्हणणार."

शिळफाट्याला चहाला थांबलो. बॉनेटजवळ गोडसर वास आला, कूलंटचा असतो तसा. शेजारीच एक छोटं गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि बोट दाखवलं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप, त्याच्या तोंडाशी ओल आणि भोवती वाळलेला पांढुरका थर. "दादा, पाइप नवीन हाय. पन बसलाच नाय नीट. इथवर आलात कारन रस्ता सपाट. घाटात सोडला असता."

पाइप नवीन, क्लॅम्प नवीन, काटासुद्धा मधोमध. तरी गळती. कारण काय? रेडिएटरच्या नळीच्या तोंडाला एक उंचवटा असतो, कड असते. होज त्या कडेच्या पुढे पूर्ण आत सरकवायचा आणि क्लॅम्प त्या कडेच्या मागे आवळायचा. इथे होज अर्धाच सरकला होता आणि क्लॅम्प बसला होता थेट कडेवर. बाहेरून बघणाऱ्याला सगळं घट्टच दिसणार.

मग घाटातच का सुटला असता? खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली, लोणावळा सहाशे मीटरच्या वर. मधलं अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. गाडी खालच्या गिअरवर, इंजिनावर लोड जास्त, रेडिएटरवर समोरून येणारा वारा कमी. पाणी तापतं, फुगतं, आतला दाब वाढतो. घाट जोड बिघडवत नाही, मंडळी. आधीच बिघडलेला जोड घाट फक्त उघडा पाडतो.

आता आपल्याकडे वळू. ऑफिसात आपण शांत असतो, मित्रांत हसतमुख असतो, सकाळी माळही होते. मग घरून एक फोन येतो आणि दोन मिनिटांत आवाज चढतो. नंतर आपण म्हणतो, "त्याने मला राग आणला." खरं तर त्याने फक्त चढ आणला. होज अर्धवट होताच. सपाटीवरच्या शांतीला आपण साधना समजून बसतो. श्लोकातला 'इहैव', म्हणजे 'इथेच', हा शब्द म्हणून महत्त्वाचा. कसोटी हिमालयात नाही. ती घरच्या सोप्यावर, वाटणीच्या कागदासमोर आहे.

मिस्त्रींनी लगेच हात घातला नाही. "आधी थंड होऊ द्या." तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर उडतं. पाऊण तास आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी थोडं कूलंट खाली काढून घेतलं, क्लॅम्प सैल केला, होज ओढून काढला, नळीचं तोंड फडक्याने स्वच्छ पुसलं. होजचं टोक चिरलेलं नाही ना, ते वाकवून पाहिलं. मग कडेच्या पार, आतपर्यंत सरकवला आणि क्लॅम्प मागे आवळला. दादा म्हणाला, "अजून जोरात आवळा की." ते हसले. "जास्त आवळला तर रबर कापतं. नळी प्लॅस्टिकची, ती तडकंल." मग कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा जाऊ दिली, जोडाभोवती कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

अख्खी साधना यात आहे. तापलेलं असताना झाकण उघडू नका. भांडणाच्या मध्यावर 'आज सोक्षमोक्षच लावू' म्हणणं म्हणजे तेच. दुरुस्तीची वेळ थंड असतानाची, पहाटेची, नामाची. आणि स्वतःला फाजील आवळूही नका. 'आजपासून मी कधीच चिडणार नाही' अशा प्रतिज्ञा आठवड्यात तडकतात. नेमका बसलेला छोटा नेम पुरतो.

आता 'सोसणं'. आपल्या पिढीपुढे दोनच पर्याय ठेवले जातात. जुने लोक सांगतात, दाबून टाक. नवे सांगतात, बोलून टाक, मोकळा हो. होज यातलं काय करतो? तो बंद झाला तर उष्णता आतच कोंडते आणि इंजिन जातं. तो सुटला तर उकळतं पाणी रस्त्यावर, आणि इंजिन तरीही जातं. नीट बसलेला होज तिसरं काम करतो. तो उकळतं पाणी थेंबही न सांडता तिथे नेऊन पोचवतो जिथे ते निवतं. निवलेलं पाणी खालच्या होजने परत इंजिनात येतं, कामाला लागतं. माझ्या समजुतीप्रमाणे सोसणं ते हेच : उसळी वाहून नेणं. कुठे? ज्याच्याशी आपण जोडलेले आहोत, त्याच्यापाशी. म्हणूनच तो 'युक्त'. देवापुढे राग आणायला लाजू नका. "पांडुरंगा, माझा जीव जळतोय" एवढं म्हणता आलं तरी पाणी रेडिएटरपर्यंत पोचलं.

शेजारच्या रेल्वेघाटाकडेच बघा ना. १८६३ पासून तिथे गाड्या चढतायत, चढ इतका की ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि मागे बँकर इंजिनं जोडतात. चढ अर्धा झाल्यावर नाही, पायथ्याशी, गाडी उभी असताना. जोडणी आधी, चढण नंतर.

आणि घाटातला शिंग्रोबा? ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं लोककथा सांगते, त्याच्या देवळापाशी आजही ड्रायव्हर नाणं टाकून हात जोडतात. आम्हीही जोडले. पण सैल क्लॅम्पसकट जोडलेले हात म्हणजे आपलं काम देवावर ढकलणं. क्लॅम्प आवळून जोडलेले हात म्हणजे शरणागती.

इंदापूरला काय झालं, विचाराल. धाकटा बोललाच, जे दादाला पनवेलपर्यंत छळत होतं नेमकं तेच. दादाचा चेहरा लाल झाला. तो उठला, देवघरापुढे जाऊन वडिलांच्या तसबिरीजवळ दहा मिनिटं बसला. परत येऊन म्हणाला, "पुन्हा सांग. मी ऐकतोय." वाटणी त्या दिवशी झाली नाही. अजूनही झालेली नाही. पण रात्री दोघं एका पंगतीला जेवले, आणि वाढणाऱ्या आत्याला डोळे पुसायला सारखं आत जावं लागत होतं.

आजचा अभ्यास छोटासा. ज्या एका नात्यात तुमचं पाणी थेंब-थेंब गळतंय, ते नाव मनात आणा. आज फोन करू नका, हिशेब काढू नका. उद्या सकाळी, सगळं थंड असताना, त्या माणसाचं नाव घेऊन देवापुढे पाच मिनिटं बसा आणि जोडाभोवती बोट फिरवून पाहा. बोट ओलं लागलं तर परवा पुन्हा बसा. घाट यायचाय, तोवर वेळ आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु. राम कृष्ण हरी.