गृहीतक म्हणजे श्रद्धा नव्हे



आपली मुले शाळेत विज्ञान शिकतात. त्यांच्या पुस्तकात ‘गृहीतक’ हा शब्द येतो. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. घरातील मोठी माणसे तर हा आपला विषयच नव्हे असे समजतात. मी हा शब्द वर्गात शिकवतो. पण धम्म स्वीकारलेल्या घराला त्याची गरज परीक्षेपुरती नाही, असे मला वाटते. म्हणून आज त्याविषयी बोलू.

रात्री धानाच्या बांधीवर निघताना बॅटरीची कळ दाबली आणि उजेड पडला नाही, तर आपण काय म्हणतो? ‘सेल संपले असावेत.’ हे ‘असावेत’ म्हणजेच गृहीतक. आपण नवे सेल घालतो. उजेड पडला, तर अंदाजाला आधार मिळाला. नाही पडला, तर तो अंदाज सोडून बल्ब पाहतो. बॅटरीला कोणाची नजर लागली, असे कोणी म्हणत नाही. मग लेकरू तापाने फणफणले म्हणजे हीच बुद्धी कोठे जाते?

गृहीतक म्हणजे पाहिलेल्या गोष्टीच्या कारणाचे तात्पुरते उत्तर. त्याला एक कडक अट आहे: ते खोटे ठरण्याची वाट मोकळी असली पाहिजे. मांत्रिक म्हणतो, भूत लागले. मूल बरे झाले, तर मंत्राचा गुण. दगावले, तर भूत जबर होते किंवा नवस राहिला होता. काहीही घडो, मांत्रिक खोटा ठरत नाही. जे कधीच खोटे ठरू शकत नाही, ते तपासताही येत नाही. ते गृहीतक नव्हे.

आता हिवताप पाहा. आपल्या जंगलाने या तापात किती माणसे गमावली, ते जुन्या माणसांना विचारा. एके काळी मोठमोठे डॉक्टरही तो दलदलीच्या दूषित हवेने येतो असे मानत. १८९४ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी वेगळे गृहीतक मांडले: या रोगाचे जंतू डासांतून जात असावेत. डास पाण्यात मरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असा त्यांचा तर्क होता. रोनाल्ड रॉस यांनी भारतात तो तपासला. तसे पाणी माणसांना पाजूनही पुरावा मिळेना. रॉस थांबले नाहीत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की रोग डासाच्या दंशातून पसरतो. मॅन्सन यांचे अर्धे म्हणणे टिकले, अर्धे गळाले. त्यात मॅन्सन यांचा अपमान झाला नाही. तपासामुळे खरे तेवढे उरले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचेच. घरी जन्मलेल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर इस्पितळाशिवाय उपाय नाही, असा वैद्यकाचा समज होता. पण रानातल्या गावाने इस्पितळ गाठावे कसे? डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गृहीतक धरले की गावातलीच बाई शिकवून तयार केली, तर ती घरी येऊन बाळ वाचवू शकेल. ३९ गावांत ही सेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावे वेगळी मोजली. ती का मोजली? नाहीतर पीकपाणी बरे झाले म्हणून बाळे वाचली, असे कोणीही म्हणाले असते. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६० नवजात बाळे दगावली. सेवा दिलेल्या गावांत सुमारे २५. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भगिनींनो, ज्या हातांवर शहाण्यांचा विश्वास नव्हता, त्या खेड्यातल्या बायांच्या हातांनी ही बाळे वाचली.

तपास न करता धरलेला समज काय करतो, तेही पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून दलित समाजातील सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसे होती. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झाला होता. पण कायदा पुस्तकात आणि संशय मनात! संशयाला पुरावा कोणी मागितला नाही. ‘हिनेच केले’ असे गाव म्हणते, तेव्हा ‘कशावरून?’ असे विचारणारा एक माणूस तरी उभा राहिला पाहिजे. तो माणूस बौद्धाच्या घरातून निघाला नाही, तर आपण दीक्षा घेतली कशाला?

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच समजावले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू थोर आहे म्हणून मानू नका. त्यातून अहित होते की हित, हे स्वतः जाणून घ्या. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात तेही याचसाठी: या आणि पाहा. मात्र तथागतांनी आजचे सारे विज्ञान आधीच सांगून ठेवले, असे म्हणू नका. ती दुसरी अंधश्रद्धा होईल. त्यांनी दिली ती तपासण्याची दृष्टी. बाबासाहेबांनीही बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धी आणि तर्क हीच कसोटी सांगितली.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. तेव्हापासून किती घरांतून देव्हारे गेले! पण देव्हारा काढला आणि लेकराच्या दंडावरचा गंडा तसाच राहिला, तर भिंत बदलली, मन नाही.

म्हणून घरात तीन प्रश्न चालू द्या. हे कशावरून म्हणता? हे चूक असेल, तर कसे कळेल? चूक ठरले, तर सोडाल का? हे प्रश्न मांत्रिकाला विचारा, पुढाऱ्याला विचारा, मास्तर म्हणून मलाही विचारा. मुलाने तुम्हाला विचारले, तर त्याला गप्प करू नका. आणि ताप आला, तर आधी रक्त तपासून घ्या.

जयभीम.