पुढची पायरी आणि मागची उंची

टिम टीबोबद्दल अमेरिकेत दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, कॉलेज फुटबॉलमधल्या आजवरच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. दुसरं, एनएफएलमध्ये फुसका निघालेला क्वार्टरबॅक. दोन्हींना आधार आहे. भांडण आहे ते कुठल्या वाक्याने कुठलं वाक्य खोडायचं यावर.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आल्यावर सुरू होते. तो फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे काही क्षणांत ठरतं. टीबो फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळायचा. २००७ साली त्याने एकाच मोसमात ३२ टचडाउन पास दिले आणि २३ टचडाउन स्वतः पळून केले. त्याच वर्षी त्याला हाइजमन ट्रॉफी मिळाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात हा मान मिळवणारा तो पहिलाच. २००८च्या मोसमात संघ एका गुणाने हरला, तेव्हा त्याने पत्रकारांसमोर डोळ्यांत पाणी आणून आणखी कष्ट घेण्याचा शब्द दिला. त्यानंतर संघ एकही सामना हरला नाही आणि राष्ट्रीय विजेता ठरला. तो शब्द आज स्टेडियमवर धातूच्या पाटीवर कोरलेला आहे.

मग एनएफएल. २०१०च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने त्याला पहिल्याच फेरीत, २५व्या क्रमांकावर घेतलं. पुढच्या मोसमात पाचपैकी चार सामने हरलेला संघ त्याच्या हाती आला आणि त्याने ११पैकी ७ सामने जिंकून दिले. जानेवारी २०१२मध्ये पिट्सबर्गविरुद्ध ओव्हरटाइमच्या पहिल्याच चालीत त्याने दिलेल्या पासवर ८० यार्डांचा टचडाउन झाला आणि सामना तिथेच संपला. पण त्या मोसमात त्याचे निम्मेही पास पूर्ण झाले नव्हते. दोनच महिन्यांत डेन्व्हरने पेटन मॅनिंगला आणलं आणि टीबोची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे झाली. २०१२नंतर तो एनएफएलच्या नियमित मोसमातला एकही सामना खेळला नाही.

चाहत्यांचा एक गट म्हणतो, त्याला संधीच दिली नाही, जिंकणाऱ्याला बाहेर काढलं. दुसरा म्हणतो, कॉलेजमधलं यश म्हणजे सभोवतालच्या तगड्या संघाची कमाई होती, खरी परीक्षा आली तेव्हा पितळ उघडं पडलं. टीबो उघडपणे धार्मिक ख्रिस्ती असल्यामुळे या भांडणात आणखी तेल पडलं. मैदानावर गुडघा टेकून प्रार्थना करण्याची त्याची ढब कुणाला श्रद्धेची खूण वाटली, तर कुणाला चेष्टेचा विषय. त्याचा एखादा पास चुकला की चर्चा पासची कमी आणि देवाची जास्त व्हायची.

दोन्ही गट एक गोष्ट गृहीत धरतात, की कॉलेज ही रंगीत तालीम आणि एनएफएल हा खरा प्रयोग. म्हणून पहिल्या गटाला एनएफएलमधलं अपयश अन्याय ठरवावं लागतं, आणि दुसऱ्याला कॉलेजचं यश खोटं ठरवावं लागतं.

इथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. नंतर घडलेल्या गोष्टीवरून आधीच्या गोष्टीबद्दल माहिती मिळू शकते, हे खरं. एनएफएलमध्ये बचावपटू जास्त वेगवान असतात आणि पास देण्याची फट क्षणभरच उघडी राहते. टीबोची हात मागे नेऊन फेकण्याची लांबलचक पद्धत तिथे महागात पडली. म्हणजे त्याची फेक कॉलेजमध्येही तितकी अचूक नसावी, असा निष्कर्ष काढता येतो. एनएफएलने आपल्या कामापुरतं त्याला बरोबर जोखलं, हेही मान्य करता येतं. पण कौशल्याबद्दल नवी माहिती मिळाली म्हणून केलेलं काम रद्द होत नाही. ते सामने त्याच नियमांत, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध जिंकले गेले होते. २०१२ सालात २००८चा निकाल बदलण्याची ताकद नाही.

ग्रीक परंपरेत सोलोनचं एक मत प्रसिद्ध आहे: माणूस मरेपर्यंत त्याला सुखी म्हणू नये, कारण पुढे काय वाढून ठेवलंय कुणाला ठाऊक. ॲरिस्टॉटलला यातली अडचण जाणवली होती. माणूस सुखी असताना त्याला सुखी म्हणायचं नाही आणि ते नंतर कधीतरी खरं ठरवायचं, हे विचित्रच. टीबोच्या बाबतीत आपण त्याहून विचित्र वागतो. तो ऐन भरात असताना त्याच्या खेळाला दाद देतो, आणि पुढच्या नोकरीत टिकला नाही म्हणून ती दाद परत मागतो.

'कॉलेज म्हणजे तालीम' या कल्पनेमागे पैशाचाही हिशोब आहे. फ्लोरिडाच्या स्टेडियममध्ये ८८ हजारांहून जास्त माणसं बसतात. तिकिटं, टीव्ही, जर्सी यांतून प्रचंड पैसा फिरतो. तरी टीबोच्या काळात खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली ती २०२१मध्ये. तोवर न बोललेला करार असा होता की आज फुकट खेळ, मोबदला एनएफएल देईल. पण तिथवर पोहोचतात फार थोडे. गंमत म्हणजे खुद्द टीबोने २०१९मध्ये खेळाडूंना पैसे देण्याला विरोध केला. कॉलेजसाठी खेळण्यातली आपुलकी त्याने नष्ट होईल, असं त्याचं म्हणणं. निष्कर्ष पटो न पटो, त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे: ती चार वर्षं त्याच्यासाठी कशाची तरी तयारी नव्हती. आणि तसं असेल, तर त्या कामाचा मोबदला त्याच वेळी का देऊ नये, हा प्रश्न उलट जास्तच टोकदार होतो.

आपलं शिक्षणही याच हिशोबावर चालतं. दहावी बारावीसाठी, बारावी प्रवेशासाठी, डिग्री प्लेसमेंटसाठी. पुढची पायरी चुकली की मागचं सगळं वाया गेलं, असं घरचे म्हणतात आणि हळूहळू आपणही म्हणू लागतो. कॉलेजात मन लावून बसवलेलं नाटक, रात्र जागून सोडवलेलं गणित, जिंकलेली एखादी स्पर्धा यांची किंमत पुढे मिळालेल्या पगारावरून ठरते. या हिशोबात कुठलीच गोष्ट कधी झाली असं होत नाही, कारण शेवटची पायरी कुणालाच दिसत नाही.

टीबोने नंतर बेसबॉल खेळून पाहिला. २०२१मध्ये वेगळ्या जागेवर खेळून एनएफएलमध्ये परतण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मोसम सुरू होण्याआधीच त्याला वगळलं. २०२३मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. तिथे एनएफएलमधली कामगिरी धरत नाहीत, कॉलेजात काय केलं तेच प्रामुख्याने पाहतात. त्याच्याबद्दलची दोन वाक्यं शेजारी शेजारी राहू द्यायला तेवढा नियम पुरेसा आहे.