अर्थचा दोष आणि अभावाचे ज्ञान

स्कूटरच्या दिव्यांना आणि हॉर्नला बॅटरीच्या धन टोकाकडून तारेतून वीज मिळते. परतीची वाट मात्र बव्हंशी गाडीचा सांगाडा आणि इंजिनच पुरवतात. बॅटरीच्या ऋण टोकाची तार चासीला बोल्टने आवळलेली असते. गॅरेजमध्ये त्या जोडणीला ‘अर्थ’ म्हणतात; जमिनीशी तिचा काही संबंध नसतो. बोल्टखाली रंगाचा थर राहिला, गंज चढला किंवा आटा ढिला झाला की इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर हेडलाइट मंदावतो आणि सेल्फ नुसता टकटक करतो. गंज डोळ्यांना दिसतो, पण बिघाड गंजात नसतो. धातूला धातूचा जो स्पर्श हवा तो नाही, हा बिघाड असतो. जे नाही ते कारण कसे होते, आणि ते कळते तरी कशाने, हा भारतीय दर्शनांतला जुना आणि अवघड वाद आहे.

तो वाद बजाजनगरला परका नाही. वाळूज एमआयडीसीत 1985 साली बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला आणि त्या परिसरात ही कामगारवस्ती वाढली. तिच्या दक्षिणेला, छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पैठण आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात गागाभट्ट झाले. 1674 च्या राज्याभिषेकामुळे त्यांचे नाव घरोघरी माहीत आहे. ‘भाट्टचिंतामणि’ हा मीमांसेवरचा त्यांचा ग्रंथ फारसा कोणाला माहीत नाही. ते ज्या भाट्ट परंपरेचे, तिने अनुपलब्धी हे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानले: वस्तू आढळत नाही, यावरूनच तिचे नसणे कळते. नैयायिकांनी अभावाला खरा पदार्थ मानले, पण त्यासाठी वेगळे प्रमाण नाकारले. जमिनीवर घट नाही, हे डोळेच सांगतात, असे त्यांचे म्हणणे. प्राभाकरांच्या मते तिथे नुसती जमीन आहे, अभाव नावाची वेगळी चीज नाही.

या मतभेदापेक्षा मोलाची आहे ती भाट्टांनी आणि नैयायिकांनी दोघांनीही घातलेली अट. न आढळणे योग्य असले पाहिजे, म्हणजे वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्याने तो नाही असे ठरत नाही.

अर्थची तपासणी नेमकी याच अटीवर चुकते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तारेची दोन टोके तपासली की तो पीं वाजतो आणि जोड ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो. पण त्या चाचणीत अत्यंत क्षीण प्रवाह वाहतो. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी तो पुरतो. दोष आढळला नाही खरा, पण दोष असता तरी तो तिथे आढळलाच नसता. योग्य चाचणी भाराखाली होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावायचे आणि सेल्फ दाबायचा. आकडा साधारण 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर वाट मोकळी आहे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अडथळा आहे. मग खांबावरचे टोक टर्मिनल, तार, बोल्ट, चासी असे पुढे सरकवत न्यायचे. अभाव नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो, असे न्यायशास्त्र सांगते. ‘अर्थ नाही’ या वाक्यात त्यातला ‘कुठे’ राहून गेलेला असतो. आकडा जिथे उडी घेतो तिथे तो सापडतो.

चार्जिंगचा प्रश्न अनुमानाचा आहे. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते; इंजिन चालू करून रेस दिली की आकडा साधारण 13.5 ते 14.5 पर्यंत चढायला हवा. चढला नाही तर फ्यूज, मॅग्नेटोची कॉइल, रेग्युलेटर-रेक्टिफायर, कपलर यांपैकी एकेक वगळत जायचे. कॉइलचे एसी व्होल्ट रेसबरोबर वाढत असतील तर कॉइल बहुधा निर्दोष सुटली. 15 च्या वर आकडा गेला तर संशय रेग्युलेटरवर. उरलेल्यावर ठपका ठेवण्याच्या या रीतीला परिशेषानुमान म्हणतात. मूळ यादी अपुरी असेल तर हे अनुमान कोसळते, आणि यादीतून सर्वांत जास्त वेळा सुटतो तो रेग्युलेटरचा अर्थ.

नवी बॅटरी घातल्यावर गाडी चालू लागते, म्हणून जुनी बॅटरीच दोषी, हा निष्कर्ष सर्वांत महाग पडतो. नवी बॅटरी दुकानातूनच भरून आलेली असते; चार्जिंग बंद असले तरी ती काही दिवस गाडी ओढते. इथे अन्वयाबरोबर (कारण तिथे कार्य) व्यतिरेकही (कारण नाही तिथे कार्य नाही) पाहावा लागतो: जुनी बॅटरी बाहेर भरून, ती भार पेलते का, हे आधी तपासायचे.

सगळ्यांत चिवट दोष येतो-जातो. पावसात किंवा खड्ड्यात स्पर्श तुटतो, गॅरेजच्या फरशीवर पुन्हा जुळतो. काही नैयायिकांनी अशा उपजणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या नसण्याला सामयिकाभाव म्हणून वेगळे स्थान दिले. इतरांना ते मान्य झाले नाही. स्कूटरपुरते पहिले मत अधिक उपयोगी आहे, कारण ते काळाचाही हिशेब धरते. म्हणून मीटर लावून, इंजिन चालू ठेवून, हँडल दोन्हीकडे वळवत वायरिंगची जुडी हलवली जाते आणि आकडा कोणत्या क्षणी पडतो ते पाहिले जाते.