सुचलेले आणि पुरे केलेले



पहाटे एखादे गीत सुचते, नाताळच्या नाटिकेची कल्पना येते. आपण दोन पाने लिहितो आणि वही कपाटात जाते. सुचणे ही देणगी. मग ती अर्धवट ठेवणे हा दोष म्हणावा का?

संत थॉमस अक्वायनस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात : विचार, निर्णय आणि आज्ञा. त्यांत मुख्य तिसरी. आपण पहिलीवरच रेंगाळतो. झेपणार नाही म्हणून एखादी कल्पना विचारपूर्वक सोडणे हाही निर्णयच. त्यात दोष नाही. वर्षानुवर्षे 'करू, करू' म्हणणे मात्र स्वतःशी खोटे बोलणे आहे.

आपल्या जिल्ह्यात जन्मलेले पां. वा. काणे मुंबईत वकिली करीत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी योजलेले त्यांचे लेखन वाढत जाऊन 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' झाले. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचव्याचा अखेरचा भाग १९६२ साली. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. पहिल्या दिवसाचा उत्साह ३२ वर्षे कोणाला पुरतो? पुरते ती रोजची बैठक.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू सांगतो (लूक १४). या आठवड्यात वही काढा. एकच काम निवडा, त्याला रोज अर्धा तास द्या. बाकीच्यांना प्रेमाने निरोप द्या.

आपला,
धर्मगुरू