दक्षता आणि भय

गृहस्थाश्रम हा अन्य तिन्ही आश्रमांचा आधार मानला गेला आहे. संन्याशाच्या झोळीला कुलूप लागत नाही, कारण तीत हरवण्याजोगे काही नसते. गृहस्थाची गोष्ट निराळी. त्याच्या छायेखाली बालके, वृद्ध आणि आश्रित राहतात. त्यांच्या निर्वाहाचे धन त्याच्यापाशी ठेव म्हणून असते. या सर्वांचे रक्षण करणे हा त्याचा धर्मच होय. यास्तव दाराला कडी लावावी की नाही, असा प्रश्नच उद्भवत नाही. कडी लावणारा हात दक्षतेने चालतो की भयाने, हाच खरा विचारणीय प्रश्न आहे. कारण बाहेरून दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात, परंतु त्यांची फळे अगदी भिन्न असतात.

आजच्या काळात रक्षणाची साधने पुष्कळ वाढली आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर जो हल्ला झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे विणण्याची योजना आखली गेली व २०१६ मध्ये ती कार्यान्वित झाली. राज्याने प्रजेचे रक्षण करावे हे योग्यच आहे. हळूहळू तेच कॅमेरे इमारतींच्या फाटकांवर, जिन्यांत आणि लिफ्टमध्येही आले. घरकामाची बाई, दूधवाला, पार्सल आणणारा मुलगा, प्रत्येकाच्या येण्याजाण्याची नोंद होऊ लागली. यातही मूलतः दोष नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कॅमेरा घडलेले दाखवितो, हेतू दाखवीत नाही. हेतूची जागा पाहणाऱ्याचे मन भरून काढते, आणि मन जर भयाने ग्रासलेले असेल तर त्याला सर्वत्र चोरच दिसू लागतो.

असे मन काय करू शकते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. २०१८ साली मुले पळविणारी टोळी आल्याचे खोटे संदेश मोबाइलवरून देशभर फिरत होते. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर आल्याच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. आपल्या गुरूच्या अंत्यदर्शनास ते निघाले होते. ज्या देशात भिक्षेकऱ्याला विन्मुख पाठवू नये अशी घराघराची शिकवण, तेथे भिक्षेकरी आणि साधू असे मारले गेले. त्या जमावांत मुलाबाळांचे आईबाप असतील, रात्र रात्र जागून गावाची राखण करणारेही असतील. आपण रक्षणच करीत आहोत असे त्यांना वाटले असेल. हीच या घटनांतील सर्वांत भयंकर गोष्ट होय. भय रक्षणाचा वेष घेऊन आले आणि त्याला कोणी ओळखले नाही.

मग ओळखावे कसे? दक्षता ‘काय घडले?’ असे विचारते. भय ‘हा कोणाचा कोण?’ एवढेच विचारते. दक्षता चौकशीपाशी थांबते व पुढील कार्य अधिकाऱ्यांवर सोपविते. भय चौकशीआधीच दंड देऊन मोकळे होते. दक्षतेचा नियम लहानथोरांस सारखा लागतो. भयाचा सर्व भार मात्र दुबळ्यावर, परक्यावर आणि भटक्यावर पडतो. मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याला नमस्कार आणि पायी येणाऱ्या मजुराची झडती, असे जेथे होते तेथे दक्षतेने निरोप घेतला आहे असे खुशाल समजावे.

येथे अशी शंका येणे साहजिक आहे की, दुर्जन सज्जनाच्याच वेषात येतो. रावण भिक्षूचे रूप घेऊनच पंचवटीत आला होता ना? शंका यथार्थ आहे, आणि म्हणूनच अपरिचिताची विचारपूस करणे अनुचित नाही. परंतु ती कथा शतकानुशतके ऐकणाऱ्या घरांनी तीतून भिक्षूंना हाकलून द्यावे असा बोध कधी घेतला नाही. त्यांनी दोष रावणाला दिला, भगव्या वस्त्राला नाही. एकाच्या कपटामुळे सर्व याचकांस अपराधी ठरविले असते, तर रावणाने सीतेबरोबर दानधर्माचेही हरण केले असे म्हणावे लागले असते.

शिवाय भय पुष्कळदा भलत्याच दिशेस पाहते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच दर्शवितात की, बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी हा बालकाच्या परिचयाचाच असतो. फाटकावरचा कॅमेरा त्याला अडवीत नाही. तेथे आईवडिलांचा वेळ, मुलाचे बोलणे ऐकून घेण्याची तयारी आणि त्याच्या शब्दावरचा विश्वास हाच खरा पहारा होय.

महाभारतात पांडवांच्या अज्ञातवासात दुर्योधनाने हेर चहूकडे पाठविले, परंतु ते रिक्त हस्ते परतले. त्याच्या भयाचे मूळ बाहेर नव्हते. दुसऱ्याचा भाग हिरावून घेतल्याने ते अंतःकरणात रुजले होते. अशा भयाला कितीही हेर पुरे पडत नाहीत. उलट गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच सुरू होते. आणि बाराव्या अध्यायात भगवंतांना प्रिय असा भक्त तो, जो जगाला त्रासत नाही व ज्याच्यामुळे जगही त्रासत नाही, असे सांगितले आहे. अभयाला अशा दोन बाजू आहेत. ते मिळवावयाचे तसेच द्यावयाचेही असते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. राज्याने त्यावर मर्यादा घालावयाची तर तीस कायद्याचा आधार, उचित हेतू आणि प्रमाणशीरपणा हवा, अशी कसोटी त्यात पुढे आली. गृहस्थानेही ती आपल्या उंबरठ्यावर लावून पाहावी. कॅमेरा आपल्या दारावर असावा, शेजाऱ्याच्या खिडकीवर नसावा. नोकराची चौकशी करावयाची तर ती त्याला सांगून, त्याचा मान राखून करावी. खातरजमा नसलेला भयसूचक संदेश पुढे धाडू नये. तो धाडणारे बोटही पापाचे वाटेकरी होते. अनोळखी माणसाविषयी शंका आलीच, तर त्याला बसवावे, पाणी द्यावे, ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे, आणि ते येईपर्यंत जमावापासून त्याचे रक्षण करावे. त्या घटकेपुरता तोही आपला आश्रितच असतो.

सारांश, ज्या घराच्या पहाऱ्यामुळे आतील माणसे निश्चिंत झोपतात आणि बाहेरून जाणारा निरपराधही निःशंक मनाने पुढे जातो, तेच घर खऱ्या अर्थाने सुरक्षित होय. दाराला कडी अवश्य असावी. परंतु ती अंतःकरणास लागू नये, एवढी सावधानता प्रत्येक गृहस्थाने नित्य बाळगावी.